मेकॅनिकची परीक्षा कोण घेणार?

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात ‘माझा व्यवसाय, माझा अनुभव’ या सत्रात केलेलं भाषण)



माझ्याआधी आपले डॉक्टर बोलले, बँकेतले साहेब बोलले, अमेरिकेहून आलेला आपला मित्र बोलला. सगळे छान बोलले. आता मेकॅनिकची पाळी आहे. आज येताना मी नखातलं काळं आधी रॉकेलनं आणि मग साबणानं काढून बघितलं, पण पूर्ण निघालं नाही. तसेच हात घेऊन उभा आहे. भाषणाची सवय नाही, म्हणून चार कागद लिहून आणलेत. अडखळलो तर सांभाळून घ्या.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, मी दहावीला गणितात गेलो होतो. निकाल घेऊन वडिलांसोबत शाळेत आलो. वडील मोंढ्यात हमाली करायचे, त्या दिवशी अर्धी मजुरी बुडवून आले होते. शाळेतून त्यांना सल्ला मिळाला, “याचं डोकं काही अभ्यासात चालत नाही, गॅरेजला घाला.” सल्ला देणाऱ्याचा काही दोष नाही. तेव्हा सगळीकडे असंच म्हणायचे, आजही म्हणतात. ज्याला काही येत नाही त्याला गॅरेजला घालायचं. आणि मग त्याच गॅरेजमधून गाडी घेऊन, बायकापोरांना बसवून, आपण नांदेडला लग्नाला जायचं! ज्याच्या डोक्यावर आपला भरवसा नाही, त्याच्या हातावर आपण जीव सोपवतो. मला आज याच्याबद्दलच बोलायचं आहे.

मी गॅरेजला लागलो तेव्हा नांदेड रोडला पत्र्याचं एक शेड होतं. आमचे उस्ताद तिथं जीपा, ट्रक, राजदूत, लुना, जे येईल ते दुरुस्त करायचे. पहिली दोन वर्षं मी पाना हातात धरला नाही. रॉकेलमध्ये सामान धुवायचं, चहा आणायचा, गाडीखाली झोपलेल्या माणसाला बत्ती दाखवायची आणि तेरा नंबरचा मागितला की तेराचाच द्यायचा. आठवड्याला पाच रुपये मिळायचे, शनिवारी. तिसऱ्या वर्षी टॅपेट सेट करायला दिले.

उस्तादांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते सांगायचे, हा आवाज टॅपेटचा, हा पिस्टनचा आणि हा खालच्या बेअरिंगचा. इंजिन खोलल्यावर तेच निघायचं. “पैले सुन, फिर खोल,” हा त्यांचा मंत्र. आजही नवा पोरगा गाडी आली की लगेच पाना घेऊन धावतो, तेव्हा मी त्याला तेच सांगतो. उस्तादांनी मला जे दिलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. त्यांचं ऋण मी फेडू शकत नाही.

पण त्याच शिकण्याची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. ती सांगण्यासाठी मी काल सरांच्या घरी जाऊन परवानगी घेतली. ते समोर बसलेत.

१९९३ ची गोष्ट. माझं स्वतःचं गॅरेज सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. आपले गणिताचे सर, ज्यांच्या विषयात मी गेलो होतो, त्यांनी स्कूटर माझ्याकडे आणली. मागचा ब्रेक लागत नव्हता. मी चाक काढलं, ड्रम काढला, नवे ब्रेक शू टाकले आणि परत बसवलं. मागच्या ड्रमला एक मोठा नट असतो. तो सैल होऊ नये म्हणून त्यातून एक स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवायचे असतात. ती पिन तेव्हा आठ आण्याला मिळायची. मी जुनीच सरळ केली, घातली, परत वाकवली. काम शिकल्यापासून मी तसंच करत होतो. उस्तादही तसंच करायचे.

पंधरा-वीस दिवसांनी सर औंढ्याला निघाले. वाटेत मागचं चाक हलायला लागलं. पिन तुटून पडली होती आणि नट फिरून सैल झाला होता. एका वळणावर सर पडले. मांडीचं हाड मोडलं. तीन महिने ते अंथरुणावर होते.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा सर रागावतील, निदान तोंड फिरवतील, असं वाटलं होतं. सरांनी विचारलं, “पायरी कुठली चुकली, सापडलं का?” फळ्यावरचं गणित चुकलं की ते हेच विचारायचे. उत्तर चुकल्याचं त्यांना काही वाटायचं नाही, पायरी दाखव म्हणायचे. मी म्हणालो, नट सैल झाला. का झाला? पिन तुटली. का तुटली? जुनी होती. जुनी का घातलीस? मी म्हणालो, “सर, सगळे तीच घालतात.” सर म्हणाले, “सगळे घालतात ही काही पायरी नाही.”

त्यानंतर त्यांच्या सांगण्यावरून मी नांदेडहून त्या स्कूटरचं कंपनीचं दुरुस्ती-पुस्तक मिळवलं. ते इंग्रजीत होतं. पाय प्लास्टरमध्ये, पुस्तक पोटावर, शेजारी डिक्शनरी, असे सर मला रोज संध्याकाळी दोन पानं मराठीत समजावून सांगायचे. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: स्प्लिट पिन दर वेळी नवीन घालावी. कुठला नट किती ताकदीनं आवळायचा याचे आकडेसुद्धा दिले होते. मी इतकी वर्षं हाताच्या अंदाजानं आवळत होतो.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. उस्तादाकडून चेल्याकडे विद्या जाते, तशी चूकही जाते. चेला उस्तादाची चूक पकडू शकत नाही, कारण त्याला तीच रीत म्हणून शिकवलेली असते. ती पकडायला बाहेरचा माणूस लागतो. शाळेत त्यालाच आपण परीक्षा म्हणतो. आमच्या धंद्यात परीक्षाच नाही.

मित्रांनो, साधा हिशेब बघा. गाडी चालवायची तर लायसन लागतं. त्यासाठी आधी शिकाऊ लायसन, मग आरटीओच्या साहेबासमोर चालवून दाखवायचं. गाडीला नंबर पाहिजे, विमा पाहिजे, धूर तपासल्याचं पीयूसी पाहिजे. पण त्याच गाडीचे ब्रेक खोलून परत बसवणाऱ्या माणसाला काय लागतं? काहीही नाही. उद्या तुमच्यापैकी कुणीही रस्त्याच्या कडेला पानापेटी मांडली, मागे टायर टांगला, की झाला मेकॅनिक. केस कापताना चूक झाली तर केस परत येतात, माझ्या चुकीनं सरांच्या चालीत जो फरक पडला तो अजून आहे.

आता तुम्ही म्हणाल, आयटीआय आहे की! आहे, आणि ती चांगली सोय आहे. आपल्या देशात १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजना चालू आहे. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पुढे एक वर्ष एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये किंवा कारखान्यात काम शिकता येतं. आपल्या भागातल्या कितीतरी पोरांचं घर त्या एका कागदावर उभं राहिलं आहे. मी आयटीआयला नावं ठेवणार नाही.

पण माझ्याकडे दोन प्रकारची पोरं येतात, ती तुम्हाला सांगतो.

पहिला प्रकार कागदवाल्यांचा. एक पोरगा दोन वर्षांचा कोर्स करून आला. गुण चांगले, प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं. मी म्हटलं, या बोलेरोचा क्लच उतरव. तो गाडीखाली गेला आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आला. म्हणाला, “काका, आमच्याकडे एकच इंजिन होतं, स्टँडवर लावलेलं, अर्धं कापलेलं. आम्ही वीस जण त्याच्याभोवती उभे राहायचो.” त्याचा काय दोष? चालू गाडीचा आवाज त्यानं ऐकलेलाच नव्हता. शिकवणाऱ्यांचीही अडचण असते. कित्येक जागा तासिका तत्त्वावर भरतात, जुन्या गाड्या, जुनं सामान, वर नोंदी ठेवण्याचं काम वेगळं. त्या पोराला आमच्याकडे वर्षभर राहावं लागलं. आता तो चांगला तयार झाला आहे.

दुसरा प्रकार हातवाल्यांचा. माझ्याकडे एक पोरगा नववीतून शाळा सोडून आला, आपल्याच शाळेतून. अकरा वर्षं राहिला. डिझेल पंप, नोजल, वायरिंग, सगळ्यात त्याचा हात माझ्यापेक्षा सरस. लग्न झालं, खर्च वाढला, तो पुण्याकडे गेला. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं, सर्टिफिकेट काय आहे? नाही. मग त्याला गाड्या धुवायच्या रॅम्पवर लावलं. शेजारच्या रॅम्पवर प्रमाणपत्रवाला पोरगा अडला की हा धुता धुता हळूच सांगायचा, हे खोल, ते बघ. पगार मात्र त्याचा दुप्पट. दिवाळीला गावी आला तेव्हा मला म्हणाला, “काका, मला काय येतंय ते दाखवायला एक जागा नाही बघा. कुणी परीक्षा तरी घ्यावी ना माझी.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. परीक्षेला घाबरून शाळा सोडलेलं पोरगं स्वतःहून परीक्षा मागायलं होतं.

त्याच्यासाठी सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. तिच्यात काम करत करत शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायची सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला. मोटार उत्पादक, सुटे भाग करणारे आणि गाड्या विकणारे यांच्या संघटनांनी मिळून ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल उभारलं आहे, ते कुठल्या कामाला काय यायला हवं ते ठरवतं. आणि प्रमाणपत्र देणाऱ्या, परीक्षा घेणाऱ्या संस्थांवर देखरेख करायला २०१८ मध्ये राष्ट्रीय परिषदही झाली. म्हणजे कागदावर चौकट चांगली बांधली आहे. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर, जिथं पोरगा आणि गाडी समोरासमोर येतात.

माझ्या तीन पोरांना मी अशाच एका केंद्रात पाठवलं. केंद्र आपल्या जिल्ह्याबाहेरचं होतं, नाव घेत नाही. तीन दिवसांचा कार्यक्रम. पहिल्या दिवशी टी-शर्ट आणि टोपी, दुसऱ्या दिवशी भाषण, तिसऱ्या दिवशी मोबाईलवर प्रश्न आणि फोटो. गाडीला हात लावायला कुणी सांगितलंच नाही. तिघेही पास. त्यातल्या एकाला तेव्हा स्पार्क प्लगचा गॅपसुद्धा नीट लावता येत नव्हता, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. परत येताना तो म्हणाला, “काका, मी पास कशात झालो?” असं प्रमाणपत्र नापास होण्यापेक्षा वाईट. कारण त्यानं खरं येणाऱ्याच्या कागदाचीही किंमत जाते.

तुम्हाला वाटेल, इतकी वर्षं चाललंच ना? चाललं, कारण गाडी साधी होती. कार्बोरेटर, पॉइंट, कंडेन्सर, प्लग. डोळ्याला दिसायचं, कानाला ऐकू यायचं. उस्तादांचा पेचकस पुरायचा. आता ते दिवस गेले.

१ एप्रिल २०२० आठवतो का? करोनाची टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. आपण सगळे घरात बसून होतो. त्याच दिवशी देशात बीएस-सहा लागू झालं. त्यानंतर विकायच्या नव्या गाड्या त्या नियमाच्या. साध्या मोटारसायकलचा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. धूर मोजायला सायलेन्सरमध्ये सेन्सर आला, सगळ्याचा हिशेब ठेवायला एक छोटा कॉम्प्युटर आला. आम्ही घरात कोंडलेले असताना आमचा धंदा बदलून गेला. दुकानं उघडली तेव्हा दारात उभी राहिलेली गाडी ओळखीची होती, पण तिचं पोट अनोळखी.

मग काय झालं, ते मी पाहिलं आहे, थोडं केलंही आहे. मीटरवर पिवळा दिवा लागला की गाडी काहीतरी सांगत असते. आमच्यातल्या काहींनी उपाय काढला, दिवाच काढून टाकायचा. सेन्सरची तार तोडून ‘डायरेक्ट’ करायचं. जुन्या सवयीनं प्लगची वायर काढून ठिणगी बघायला जायचं आणि हजारोंचा कॉम्प्युटर उडवायचा. गिऱ्हाईक म्हणतं मेकॅनिकनं लुटलं. मेकॅनिक लुटत नाही हो, तो चाचपडतो. एका बिघाडासाठी तीन भाग बदलतो, कारण कुठला खराब आहे ते शोधायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्या तीन भागांचे पैसे तुम्ही देता.

आणि आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या. आपल्या गावात त्या स्कूटर किती झाल्यात, रस्त्यावर बघा. बऱ्याच इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो. नारिंगी वायरला हात लावण्याआधी बॅटरी तोडायची, ठरलेली मिनिटं थांबायचं, रबरी हातमोजे घालायचे, मीटरनं तपासायचं. यात ‘बघून बघून शिकू’ चालत नाही. माझी पिन तुटली तर सरांचं हाड मोडलं. इथं चुकणाऱ्याचाच जीव जाईल, आणि तो सतरा-अठरा वर्षांचा कुणाचा तरी लेक असेल.

मग करायचं काय? अमेरिकेहून आलेल्या आपल्या मित्राला मी परवा विचारलं, तुमच्याकडे मेकॅनिक कसा ओळखतात? त्यानं सांगितलं, मीही नंतर पोराकडून मोबाईलवर वाचून घेतलं. तिथं १९७२ पासून एएसई नावाची संस्था परीक्षा घेते. ती शिकवत नाही, फक्त तपासते. ब्रेकची परीक्षा वेगळी, इंजिनाची वेगळी, विजेची वेगळी. नुसता पेपर देऊन भागत नाही, कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. आणि दर पाच वर्षांनी परत परीक्षा, कारण पाच वर्षांत गाडी बदललेली असते. जर्मनीत वेगळी रीत. तिथं पोरगा साडेतीन वर्षं शिकतो, काही दिवस शाळेत, काही दिवस गॅरेजमध्ये, आणि गॅरेजवाला त्याला पगार देतो. शेवटच्या परीक्षेला मालकांचा, कामगारांचा आणि शाळेचा, असे तिघांचे प्रतिनिधी बसतात. स्वतःचं गॅरेज टाकायचं तर पुढची ‘माइस्टर’ परीक्षा. आपल्या भाषेत सांगायचं तर उस्ताद व्हायचीसुद्धा परीक्षा.

ते सगळं उचलून हिंगोलीत आणता येणार नाही, मला कळतं. उद्या लायसनची सक्ती केली तर आमच्यातली निम्मी शेडं बंद पडतील आणि बाकीची कुणाला तरी पैसे देऊन कागद आणतील. म्हणून सक्तीच्या आधी खरी परीक्षा पाहिजे. चाळीस वर्षं हात काळे केल्यावर मला जे वाटतं, ते चार मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा, शिकवणारा आणि तपासणारा वेगळा पाहिजे. ज्या केंद्राला पास पोरांच्या आकड्यावर पैसे मिळतात, त्याच्याच हातात परीक्षा दिली तर सगळेच पास होणार. मी माझ्या पोरांची परीक्षा घेतली तर मीही माया करणार.

दुसरा, परीक्षा बिघडलेल्या गाडीवर व्हायला हवी. एका गाडीत मुद्दाम तीन दोष घालून ठेवायचे. पोरानं ते शोधायचे, कसे शोधले ते आपल्या भाषेत लिहायचं किंवा सांगायचं, दुरुस्त करायचे आणि शेवटी नट टॉर्क रेंचनं आवळून दाखवायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी घ्या. माझे उस्ताद अशा परीक्षेत पहिले आले असते.

तिसरा, प्रमाणपत्र कामाकामाचं आणि ठरावीक मुदतीचं हवं. ज्याला ब्रेक येतात त्याला ब्रेकचं द्या. इलेक्ट्रिक गाडीचं वेगळं द्या आणि त्याशिवाय नारिंगी वायरीला हात लावू देऊ नका. एकदा पास झाला की जन्मभर मेकॅनिक, असं नको.

चौथा मुद्दा लहान गॅरेजचा, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. शिकाऊ उमेदवार ठेवण्याची सक्ती तीस किंवा जास्त कामगार असलेल्यांना आहे. चार ते एकोणतीस असतील तर इच्छेनुसार ठेवता येतो. पण आपल्याकडच्या गॅरेजात माणसं किती? मालक आणि दोन पोरं. म्हणजे हिंगोलीत, कळमनुरीत, सेनगावात, वसमतला पोरं जिथं खरोखर शिकतात, ती जागा कायद्याच्या हिशेबात शिकण्याची जागाच नाही. तिथं शिकणारा शिकाऊ उमेदवार नाही, तो नुसता पोऱ्या. त्याला ना विद्यावेतन, ना वही, ना कागद. पाच-सहा गॅरेजना मिळून एक आस्थापना धरा, आयटीआयशी जोडा. पोरगा चार दिवस गॅरेजमध्ये आणि दोन दिवस आयटीआयमध्ये. आयटीआयच्या पोरांना चालू गाडी मिळेल, आमच्या पोरांना पुस्तक मिळेल. आयटीआयच्या सरांनाही वर्षातून पंधरा दिवस आमच्याकडे पाठवा आणि आमच्या जुन्या उस्तादांना तिथं मानानं बोलवा.

माझ्या लेखी एवढंच आहे. एकाच्या हाताला कागद नाही आणि दुसऱ्याच्या कागदाला हात नाही. दोघांची गाठ घालून द्या.

आता तुमच्याकडे मागणं. मंत्र्यांपर्यंत माझा आवाज जाणार नाही, पण तुमच्यापर्यंत आलाय. तुकडीच्या निधीतून शाळेला कमान बांधायची चर्चा चालू आहे. माझा कमानीला विरोध नाही. पण त्यातले थोडे पैसे बाजूला काढले तर एक चांगला स्कॅनर, दोन टॉर्क रेंच, एक बीएस-सहाची जुनी मोटारसायकल आणि इलेक्ट्रिक कामाचे हातमोजे येतील. ते आयटीआयमध्ये ठेवू, गावातल्या कुठल्याही गॅरेजच्या पोराला रविवारी वापरता येतील, असं करू. शिकवायला मी येतो, अजून दोन-तीन मेस्त्री तयार आहेत.

दुसरं, गाडी दुरुस्तीला टाकाल तेव्हा मेकॅनिकला दोन प्रश्न विचारा. काय बिघडलं होतं? आणि कशावरून कळलं? तो चिडला तर चिडू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्या वेळी तो स्वतःहून सांगेल. आणि जो नीट सांगतो त्याला दोन पैसे जास्त द्या. नव्या चौपदरी रस्त्यानं तुम्ही वारंगा फाट्याला पंचवीस-तीस मिनिटांत पोहोचता, त्या वेगात ब्रेकचे पन्नास रुपये वाचवू नका.

तिसरं मागणं समोर बसलेल्या शिक्षकांकडे. एखादं पोरगं गणितात गेलं तर “गॅरेजला घाला” असं जरूर म्हणा, पण ते शिक्षा म्हणून म्हणू नका. आता गॅरेजलाही गणित लागतं. व्होल्ट, ओहम, न्यूटन-मीटर, सगळं गणितच आहे. मी सरांकडून ते अंथरुणाजवळ बसून शिकलो. माझ्या पोरांना ते शाळेतच मिळालं तर कुणाचं हाड मोडायची गरज पडणार नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. खंडेनवमीला आम्ही गॅरेजमध्ये पाने, पेचकस, जॅक सगळं धुऊन-पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, त्या दिवशी काम बंद असतं. यंदा मी ठरवलंय, पूजेआधी परीक्षा घ्यायची. माझी तीन पोरं आणि शेजारच्या दोन गॅरेजची पाच, अशी आठ जणं. तीन गाड्या, प्रत्येकीत तीन दोष. दोष घालणार वसमतचे एक मेस्त्री, ते या पोरांना ओळखत नाहीत. या परीक्षेचा सरकारी कागद मिळणार नाही, मला माहीत आहे. पण कुणाला काय येतं आणि काय येत नाही ते त्या आठ जणांना खरं खरं कळेल.

तपासायला बाहेरचा माणूस पाहिजे होता. काल सरांकडे गेलो ते त्यासाठीही. म्हटलं, सर, तुम्ही बसाल का? सर म्हणाले, “अरे, मला गाडीतलं काय कळतं?” मी म्हणालो, तुम्ही फक्त पायरी विचारा.

सरांनी हो म्हटलं आहे. खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता, गॅरेजवर. ज्यांना जमेल त्यांनी या. येताना गाडी आणली तरी चालेल, पण त्या दिवशी दुरुस्त करून मिळणार नाही.